फाळके, धुंडिराज गोविंद

फाळके, धुंडिराज गोविंद : (३० एप्रिल १८७०–१६ फेब्रुवारी १९४४). भारतीय कथापटाचे आद्य निर्माते व दिग्दर्शक. ‘दादासाहेब फाळके’ या नावाने सर्वत्र परिचित. छायाचित्रण, ठसे तयार करणे, शिलामुद्रण, जादूचे प्रयोग व नेपथ्य अशा विविध कलांत त्यांनी प्रावीण्य मिळविले होते आणि वयाच्या चाळिशीनंतर हे सर्व कौशल्य त्यांनी चित्रपटाच्या कामी लावले. त्यांच्या चित्रपटकलेची पूर्वतयारी मुख्यतः मुद्रणव्यवसायात झाली व त्या व्यवसायाचा महत्त्वाचा भाग पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात घडला. कारागिरीवरील पूर्ण प्रभुत्व आणि भांडवलावर नसलेला ताबा ही त्यांच्या चरित्रातील दोन सूत्रे मुद्रणाच्या काळातच स्पष्ट झाली होती. पुढे चित्रपटांच्या क्षेत्रातही त्यांचीच पुनरावृत्ती झालेली दिसते.

बालपण व शिक्षण : फाळके यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. आईचे नाव द्वारकाबाई. पौराणिक कथा, धार्मिक विधी व संस्कृत वाङ्मय यांचा परिचय धुंडिराजांना घरातच झाला. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात वडिलांची संस्कृतचे अध्यापक म्हणून नेमणूक झाल्यावर कुटुंब मुंबईस आले. धुंडिराजांनी १८८५ मध्ये जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला व तेथे रेखाकलेचे शिक्षण घेतले. त्यानंतर ते वडील बंधूंबरोबर बडोद्यास गेले. बडोदे संस्थानचे अधिपती सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली स्थापन झालेल्या ‘कलाभवन’ या संस्थेत कला व उद्योग यांचे शिक्षण एकत्र दिले जात असे. संस्थेचे प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. हस्तकौशल्याला शास्त्रीय ज्ञानाची जोड मिळाल्याखेरीज देशी उद्योग उभे राहणार नाहीत, ही त्या संस्थेमागील भूमिका होती. फाळके यांनी तेथे चित्रकला व छायाचित्रण यांचा अभ्यास केला, स्वतःचा कॅमेरा मिळविला आणि रतलाम येथे जाऊन त्रिरंगी ठसे व प्रकाशशिलामुद्रण यांची तंत्रे शिकून घेतली. अहमदाबाद येथील १८९२ च्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी केलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीस सुवर्णपदक मिळाले.

छायाचित्रणाचा स्वतंत्र व्यवसाय करण्यासाठी ते गोध्रा येथे गेले. परंतु प्लेगच्या साथीत पत्नी व अपत्य यांचा मृत्यू झाल्याने ते बडोद्यास परतले. याच सुमारास त्यांनी एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखीचे शिक्षण घेतले. स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोग करीत. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नी सरस्वतीबाई (माहेरच्या गिरिजा करंदीकर) यांचा त्यांच्या पुढील कार्यात मोठा वाटा आहे. १९०३ मध्ये फाळके यांना भारतीय पुरातत्त्व खात्यात आरेखक व छायाचित्रकार म्हणून नोकरी मिळाली. वंगभंगानंतर देशभर पसरलेल्या स्वदेशीच्या चळवळीचा त्यांच्यावर प्रभाव पडला आणि १९०६ च्या सुमारास त्यांनी ही सरकारी नोकरी सोडली.

मावळातील मुद्रणव्यवसाय : मावळ तालुका पूर्वेस तळेगाव दाभाडे, आंबी या गावांच्या परिसरापासून पश्चिमेस लोणावळे व खंडाळ्याच्या घाटापर्यंत पसरलेला आहे. मुंबई–पुणे लोहमार्ग या तालुक्यातून जात असल्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे काही उद्योग आले. त्यांपैकी सांस्कृतिक दृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा म्हणजे राजा रविवर्मा यांचा शिलामुद्रणाचा छापखाना होय. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना १८९९ च्या सुमारास कार्ले व भाजे येथील लेण्यांच्या परिसरातील मळवली येथे हलविण्यात आला. पुढे रविवर्मा यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. तथापि रविवर्मा यांच्या चित्रांच्या रंगीत प्रती तेथून निघतच राहिल्या. लक्ष्मी, सरस्वती, विश्वामित्र-मेनका, नल-दमयंती आदी चित्रे या छापखान्यामुळे अत्यंत अल्प किमतीत घरोघर पोहोचली. देवदेवतांचे चेहरे, वस्त्रे व अलंकार यांचे एक सर्वमान्य रूप त्यांतून जनमानसात रुजले.

फाळके यांनी नोकरी सोडल्यावर लोणावळे येथे भागीदारीत ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ हा छापखाना काढला. मळवलीच्या छापखान्यासाठी मूळ चित्रांचे छायाचित्र घेऊन ते शिळेवर उतरविण्यायोग्य करून देणे, हे त्यांचे प्रारंभीचे मुख्य काम होते. रंगीत शिलामुद्रणात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागते. एकाच कागदावर एकामागून एक रंग छापले जात असल्याने सर्व ठसे तंतोतंत एकावर एक बसावे लागतात. केसभर अंतर पडले, तरी चित्र बिघडते. अंधाऱ्या खोलीतील रासायनिक प्रक्रिया, प्रकाश देण्याच्या वेळेचा अचूक अंदाज आणि ठशांची ही जुळणी यांत फाळके पारंगत झाले. चित्रपटातही पट्टीवरील प्रत्येक चित्र ठराविक जागी यावे लागते, एका चित्रावर दुसरे चित्र घेताना दोहोंची जुळणी साधावी लागते आणि चित्रित पट्टी अंधाऱ्या खोलीतच धुवावी लागते. पुढे या गोष्टी त्यांना परक्या वाटल्या नाहीत, याचे कारण त्यांच्या मुद्रणातील या उमेदवारीत आहे.

काम वाढल्यावर छापखाना मुंबईस दादर येथे हलविण्यात आला. १९०८ मध्ये पुरुषोत्तम मावजी हे नवे भागीदार आले आणि संस्थेस ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ हे नाव मिळाले. रंगीत मुद्रणाची यंत्रसामग्री आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीस गेले. छापखान्याचा लौकिक वाढला. परंतु कारभाराविषयी भागीदाराशी मतभेद होऊन फाळके त्यातून बाहेर पडले. यंत्रे व छापखाना भागीदाराकडे राहिला. फाळके यांच्याजवळ राहिले, ते केवळ त्यांचे कसब.

चित्रपटाकडे : १९१०–११ च्या सुमारास मुंबईतील गिरगाव भागात तंबूवजा चित्रपटगृहात फाळके यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावरील ख्रिस्तचरित्र पाहत असताना तेथे राम व कृष्ण यांची चरित्रे दिसू लागतील काय, हा विचार त्यांच्या मनात आला. मळवलीच्या छापखान्याने कागदावर आणलेल्या देवतांना पडद्यावर हालते-चालते करण्याचाच हा विचार होता. त्यांनी चित्रपटविषयक नियतकालिके व उपकरणे मिळवून अभ्यास सुरू केला. रोज अनेक तास चित्रपट पाहिल्याने व अपुऱ्या झोपेने त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली होती. डॉक्टरांच्या उपचारांनी ती सुधारली. आयुर्विम्याची पत्रे गहाण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला रवाना झाले. तेथे ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांची ओळख सेसिल हेपवर्थ या नामवंत निर्मात्याशी करून दिली. हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील चित्रपटनिर्मितीगृहात फाळके यांनी चित्रीकरणाची सर्व अंगे पाहिली. विल्यमसन कॅमेरा, पट्टीस कडेने भोके पाडण्याचे यंत्र, धुलाई व छपाईची साधने खरेदी करून आणि कच्च्या फिल्मची तजवीज करून ते एप्रिलच्या प्रारंभी मुंबईस परतले.

भांडवलदारांची खात्री पटविण्यासाठी त्यांनी प्रथम एक लघुपट तयार केला. कुंडीत वाटाणा पेरून कॅमेरा एकाच जागी स्थिर ठेवला व ठराविक काळाने एकेक चित्र घेतले. बीजाला अंकुर फुटून त्याचा वेल होईपर्यंतची, महिन्याहून अधिक काळ चाललेली वाढ पडद्यावर क्षणार्धात दिसली. निसर्गातील मंद क्रिया वेगाने दाखविणारा हा प्रयोग भारतातील अशा प्रकारचा आरंभीचा होय. याच प्रयोगामुळे त्यांना काही कर्ज मिळाले. उरलेली रक्कम सरस्वतीबाईंच्या दागिन्यांतून उभी राहिली.

राजा हरिश्चंद्र : दादर येथील राहत्या बंगल्याच्या आवारात ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे चित्रीकरण झाले. पटकथा, दिग्दर्शन, नेपथ्य, रंगभूषा, संकलन व रासायनिक प्रक्रिया ही सर्व कामे फाळके यांनी स्वतः केली. कॅमेरा चालविण्याचे काम त्यांनी शिकवून तयार केलेल्या त्र्यंबक तेलंग यांच्याकडे होते. दत्तात्रय दामोदर दाबके यांनी हरिश्चंद्राची भूमिका केली. चित्रपटात काम करणे त्या काळी इतके हीन मानले जाई, की स्त्रीभूमिकेसाठी कोणीही स्त्री मिळाली नाही. अखेर एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाने तारामती उभी केली. रोहिदासाच्या भूमिकेत फाळके यांचा मुलगा भालचंद्र होता. मंडळींचा स्वयंपाक, कच्च्या पट्टीस भोके पाडणे, रसायने तयार करणे ही कामे सरस्वतीबाई सांभाळीत. सु. सात महिन्यांत सु. ३,७०० फूट लांबीचा हा मूकपट पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया चित्रपटगृहात निमंत्रितांसाठी त्याचा खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो जाहीर रीत्या प्रदर्शित झाला. त्यास प्रेक्षकांचा उत्तम प्रतिसाद मिळाला.

‘राजा हरिश्चंद्र’ हा पहिला भारतीय चित्रपट काय, या प्रश्नाचा विचार करताना काही भेद ध्यानात घ्यावे लागतात. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्येच मुंबईत कुस्तीचे चित्रण केले होते. परंतु ते वास्तव घटनेचे लघुचित्रण होते. रामचंद्र गोपाळ तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी प्रदर्शित झाला होता. मात्र ते एका नाटकाचे चित्रण होते, कॅमेरा परदेशी तंत्रज्ञाने चालविला होता व पट्टीवरील प्रक्रिया लंडनमध्ये झाली होती. चित्रपटासाठी स्वतंत्रपणे रचलेले कथानक, संपूर्णपणे भारतीय कारागिरांनी केलेले चित्रण आणि येथेच झालेली प्रक्रिया या तिन्ही गोष्टी ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये एकत्र आल्या. या अर्थाने त्यास पहिला भारतीय कथापट म्हणणे योग्य ठरते. यात तोरणे वा भाटवडेकर यांच्या कार्याचे मोल कमी होत नाही.

नाशिकमधील कालखंड : १९१३ च्या अखेरीस फाळके यांनी आपले बिऱ्हाड व चित्रपटनिर्मिती नाशिक येथे हलविली. ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) यांनी कामे केली. भारतीय कथापटात स्त्रियांनी भूमिका करण्याचा हा प्रारंभ होय. त्यानंतर ‘सत्यवान सावित्री’ हा चित्रपट आला. १९१४ मध्ये फाळके यांनी आपले तिन्ही चित्रपट लंडन येथे नेऊन दाखविले. तेथील जाणकारांनी त्यांच्या तंत्राची प्रशंसा केली व तेथेच राहून चित्रपट काढण्याविषयी त्यांना विचारणाही झाली. स्वदेशातच हा धंदा उभारण्याच्या निश्चयाने त्यांनी ती नाकारली. परंतु पहिले महायुद्ध सुरू झाल्याने कच्च्या फिल्मची आयात अडचणीत आली आणि पैसा पुरविणाऱ्यांनी हात आखडता घेतला. त्यामुळे तीन वर्षे निर्मिती मंदावली.

‘लंकादहन’ (१९१७) या चित्रपटाने ही कोंडी फोडली. त्यात साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात तो प्रदर्शित झाला व पुढे मुंबई, मद्रास आदी ठिकाणी त्याने प्रचंड उत्पन्न मिळविले. जमलेली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून न्यावी लागत, अशी आख्यायिका सांगितली जाते. याच काळात ‘नवयुग’ मासिकात फाळके यांनी ‘भारतीय चित्रपट’ या विषयावर लेखमाला लिहिली. स्वतःच्या प्रारंभीच्या धडपडीची हकीकत व चित्रपट हा स्वदेशी उद्योग म्हणून उभा राहिला पाहिजे ही भूमिका तीत आढळते. भारतीय चित्रपटाच्या इतिहासाचे हे एक मूलभूत साधन आहे.

हिंदुस्थान फिल्म कंपनी : ‘लंकादहन’च्या यशानंतर भांडवलदार आपण होऊन पुढे आले आणि १९१८ मध्ये वामन श्रीधर आपटे यांच्या व्यवस्थापनाखाली ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. फाळके तिचे कार्यकारी भागीदार होते. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) व ‘कालियामर्दन’ (१९१९) हे या काळातील प्रमुख चित्रपट. ‘कालियामर्दन’ मध्ये फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली. चित्रपटाच्या प्रारंभी तिचे नाव देऊन तिच्या चेहऱ्यावरील विविध भाव जवळून दाखविले आहेत व नंतर ती कृष्णरूपात दिसते. देवतेचे रूप घेणारी ही एक लहान मुलगी आहे, हे प्रेक्षकाला आधी सांगून मग त्याला कथेत नेण्याची ही रीत लक्षणीय आहे.

निर्मितीचा खर्च, चित्रपटांची संख्या व कामाची पद्धत यांविषयी लवकरच मतभेद झाले. भागीदारांना अल्प खर्चात व ठराविक काळात चित्रपट हवे होते. फाळके यांना प्रयोगासाठी मोकळीक हवी होती. १९१९ मध्ये ते कंपनीतून बाहेर पडले व सहकुटुंब काशीस गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमि’ हे नाटक लिहिले. नाट्यव्यवसायातील अपप्रवृत्तींवर त्यात टीका आहे. नाटकास फारसे यश लाभले नाही. १९२२ मध्ये ते हिंदुस्थान कंपनीत परतले. पण आता ते भागीदार नव्हते, पगारी निर्मितिप्रमुख होते. छापखान्याच्या वेळी जे घडले, तेच येथे घडले होते. संस्था त्यांच्या कौशल्यावर उभी राहिली; तिची मालकी मात्र दुसऱ्यांकडे गेली. १९२७–२८ मध्ये सरकारने नेमलेल्या भारतीय चलच्चित्र चौकशी समितीपुढे फाळके यांनी साक्ष दिली होती.

बोलपटाचा काळ : फाळके यांचा अखेरचा मूकपट ‘सेतुबंधन’ (१९३२) हा पैशाच्या अडचणींमुळे रेंगाळला. तो पूर्ण होईपर्यंत ‘आलम आरा’ (१९३१) हा पहिला भारतीय बोलपट येऊन गेला होता. पुढे ‘सेतुबंधन’ला ध्वनीची जोड देण्यात आली. मूकपटाच्या प्रेक्षकवर्गाला एव्हाना ओहोटी लागली होती. कोल्हापूर सिनेटोनसाठी दिग्दर्शित केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट. त्यात चमत्कारदृश्यांचे त्यांचे कसब दिसून आले, तथापि संवाद व संगीत यांनी बदललेल्या नव्या चित्रपटकलेत त्यांना पूर्वीचे स्थान मिळाले नाही. यानंतर ते नाशिक येथे निवृत्त जीवन जगले. अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीत व विस्मृतीत गेली. नाशिक येथेच त्यांचे निधन झाले.

तंत्र व वैशिष्ट्ये : फाळके यांच्या चित्रपटांचा विशेष म्हणजे त्यांतील चमत्कारदृश्ये. कॅमेरा मध्येच थांबवून व्यक्तीची अदलाबदल करणे, एकाच पट्टीवर दोनदा चित्रण करणे, काळ्या पार्श्वभूमीचा उपयोग करून आकृती अधांतरी दाखविणे या युक्त्या ते वापरीत. या युक्त्या फ्रान्समध्ये झॉर्झ मेल्ये यांनी आधीच रूढ केल्या होत्या. मेल्ये हेही मूळचे जादूगार होते. तथापि मेल्ये यांच्या चित्रपटांत चमत्कार प्रायः मनोरंजनासाठी येतो, तर फाळके यांच्याकडे तो कथेतील श्रद्धेचा भाग असतो. त्यांची दृश्यरचना समोरून पाहिलेल्या चित्रासारखी असते. पात्रांची मांडणी, वस्त्रप्रावरणे व अलंकार यांवर रविवर्मा यांच्या मुद्रित चित्रांची छाप अभ्यासकांनी दाखवून दिली आहे. ज्या प्रेक्षकाला वाचता येत नव्हते, त्यालाही पडद्यावरील देवता पाहताच ओळखता येत असे. कारण तिचे चित्र त्याच्या घरच्या भिंतीवर लावलेले असे. फाळके यांच्या चित्रपटांना देशाच्या सर्व भागांत प्रेक्षक लाभला, त्याचे एक प्रमुख कारण येथे सापडते.

त्यांच्या मर्यादाही याच गुणांतून निर्माण झाल्या. पौराणिक विषयांबाहेर ते क्वचितच गेले. बाबूराव पेंटर यांनी १९२० नंतरच्या दशकात सामाजिक व ऐतिहासिक विषय हाताळून दृश्यरचनेत जी वास्तवता आणली, ती फाळके यांच्या चित्रपटांत आढळत नाही. तथापि या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्यांना देशातच शिकलेले कारागीर आणि तयार प्रेक्षक मिळाला, तो मुख्यतः फाळके यांच्या परिश्रमांमुळे.

उपलब्ध चित्रपट व स्मृती : फाळके यांनी सु. १९ वर्षांत ९० हून अधिक चित्रपट व अनेक लघुपट तयार केल्याचे सांगितले जाते. त्यांपैकी फारच थोडे आज उपलब्ध आहेत. त्या काळची फिल्म ज्वालाग्राही व लवकर विघटित होणारी असे आणि जुन्या प्रती जपण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती. पुणे येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके यांच्या कुटुंबीयांशी संपर्क साधून जे अवशेष मिळविले, त्यांमुळेच या कार्याचा काही भाग वाचला. ‘राजा हरिश्चंद्र’ची केवळ पहिली व अखेरची रिळे उपलब्ध असून ती १९१३ च्या मूळ चित्रपटाची की १९१७ मध्ये काढलेल्या दुसऱ्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘कालियामर्दन’चा मात्र बराचसा भाग शिल्लक आहे. मळवलीच्या छापखान्याचाही शेवट याहून वेगळा झाला नाही. १९७२ मधील आगीत तो नष्ट झाला.

भारत सरकारने १९६९ पासून फाळके यांच्या नावे चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला. त्याच्या पहिल्या मानकरी देविका राणी होत्या. १९७१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढण्यात आले. मुंबईतील गोरेगाव येथील चित्रनगरीस त्यांचे नाव देण्यात आले असून नाशिक येथे पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या निर्मितीवर परेश मोकाशी यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) हा मराठी चित्रपट काढला. लोणावळ्यातील लहानशा छापखान्यात ठशांवर ठसे जुळवीत असताना लाभलेली अचूकतेची सवय फाळके यांनी चित्रपटात आणली आणि भारतीय चित्रपटाचा पाया देशी कारागिरीवर घातला, हे त्यांचे मुख्य कार्य होय.